पेन्सिलीची हजेरी

जुम्म्याची नमाज पढून नसरुद्दीन घरी आला तेव्हा त्याच्या पापण्यासुद्धा धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. जून सरत आला की आखातातल्या हुफूफमध्ये धूळ उठायचीच, त्यात नवल नव्हतं. पण त्या शुक्रवारी भर दुपारी उजेडाला हळदीच्या पाण्याचा रंग आला होता. समोरच्या इमारतीचा तिसरा मजला कसाबसा दिसत होता, चौथा नाहीसाच झाला होता. इस्मतने खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले होते, तरी ताटांवर बारीक थर बसत होता.

त्या चौथ्या मजल्यावर कमलाकर आणि सुनीता आपला संसार खोक्यांत भरत होते. संध्याकाळी सहाला त्यांची गाडी दम्मामच्या विमानतळाकडे निघणार होती, आणि मग ती दोघं पुन्हा या देशात पाऊल ठेवणार नव्हती.

दस्तरखानावर चौघंच होती. नसरुद्दीन, इस्मत, दम्मामहून मुद्दाम आलेला त्यांचा मुलगा झैद, आणि व्हिजिट व्हिसावर चार महिन्यांपासून मुक्कामाला असलेली नसरुद्दीनची आई, ताजुन्निसा. झैदने येताना कतीफहून ताजा हमूर मासा आणला होता. इस्मतने त्याचं कालवण केलं होतं, आणि एरवी या घरात हमूरच्या डोक्यावरून भांडणं व्हायची. आज ते डोकं तसंच पातेल्यात राहिलं.

झैदने हात पुसले आणि खिशातून घडी केलेला कागद काढला.

"अम्मी, हे जेवणानंतर वाच. वाच म्हणजे, सही कर. मुदीरने, खुद्द प्रिन्सिपॉलने टाइप करून दिलंय."

"काय लिहिलंय?"

"जे सगळ्यांना माहीत आहे तेच. त्या दिवशी तू सकाळी साडेसातला संपदा गैरहजर असल्याचं ऑफिसला कळवलं. ऑफिसने तिच्या आईला मेसेज पाठवला. बस्स. रविवारी हा कागद पोलिसांत गेला की आपलं काम खलास."

"आणि उसामाचं?" ताजुन्निसाने विचारलं.

उसामा म्हणजे तिच्या मेलेल्या लेकीचा मुलगा, तिने पोटाशी धरून वाढवलेला. नसरुद्दीनने मामा या नात्याने त्याला इकडे आणून शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लावला होता. मे महिन्याच्या मधोमध एका सकाळी बसमध्ये मुलं सांभाळणारी बाई रजेवर होती. उसामाने मुलं उतरवली, मागच्या सीटपर्यंत जाऊन बघितलं नाही, आणि बस उन्हात लावून दरवाजा बंद केला. इस्मतच्या पहिली ब मधली, सुनीताची सहा वर्षांची संपदा शेवटच्या सीटवर झोपलेली होती. दुपारी सव्वाबाराला बस उघडली. तेव्हापासून उसामा कोठडीत होता.

"अम्मा, त्याने सीट बघितली नाही, ही चूक त्याचीच आहे ना?" नसरुद्दीन हळू आवाजात म्हणाला. तो त्या बसगाड्यांचा सुपरवायझर होता, आणि चाळीस दिवसांत त्याचं पोट आत गेलं होतं.

"हाय की त्याची चूक. मी कधी नाय म्हटलं?" म्हातारी म्हणाली. "पण त्याची किती, ते कोणीतरी मोजंल का नाय?"

इस्मत ताटं उचलायला लागली, कारण हात रिकामे राहिले असते तर ती काहीतरी बोलून बसली असती.

लग्न होऊन ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या खाडीकाठच्या घरात आली तेव्हा बी.एड. झालेली होती, आणि सासऱ्यांना याचा मुलगा झाल्याइतका आनंद झाला होता. सासऱ्यांना घरातसुद्धा सगळे मास्तरच म्हणत. छत्तीस वर्षं एकाच शाळेत, आणि ख्याती एकाच गोष्टीची. एखादं पोर शाळेत आलं नाही की मास्तर संध्याकाळी छत्री किंवा कंदील घेऊन त्याच्या दारात हजर. ताप असो, पेरणी असो, आईबापांचं भांडण असो, मास्तर विचारून यायचेच. लोक चेष्टा करायचे, की मास्तरांच्या भीतीने गावात पोरांना ताप येईनासा झाला. मास्तरांनी सुनेला पहिल्या नोकरीच्या दिवशी एकच सांगितलं होतं: "पोर शिकलं नाय तरी चालंल, सूनबाय. हरवता कामा नये."

त्या एका वाक्याच्या जोरावर इस्मतने सव्वीस वर्षं शिकवलं, त्यातली एकोणीस या वाळवंटात. इथे पोरं तशी रोजच हरवत. बापाची नोकरी जायची, इकामा, म्हणजे राहायचा परवाना, संपायचा आणि वर्गातलं एक बाक सोमवारी भरलेलं, मंगळवारी रिकामं. इस्मत अशा प्रत्येक मुलाच्या घरी जायची. शुक्रवारी दुपारी चार वाजता वाचनात मागे पडलेली मुलं तिच्या घरी यायची, आणि त्याचा ती रुपया की रियाल घ्यायची नाही. शिकवणं म्हणजे तिच्या लेखी आधी माणसं मोजणं, मग बाकीचं.

आणि मोजण्यातच ती चुकली होती. हे या घरात तिघांनाच माहीत आहे असं तिला वाटत होतं, तिला, नसरुद्दीनला आणि झैदला.

असं झालं होतं. शाळेची रीत अशी की बाईंनी पहिल्या तासाला कॅटलॉगमध्ये हजेरी मांडायची, गैरहजर मुलांचे नंबर चिठ्ठीवर लिहून ऑफिसात पाठवायचे, आणि ऑफिसने लगेच घरी मेसेज टाकायचा. एप्रिलमध्ये एकदा संपदा जिन्यातच चपलेचा बंद लावत रेंगाळली होती. इस्मतने गैरहजेरीचा ए लिहिला, मेसेज गेला, आणि सुनीता, सातवा महिना लागलेली, घरच्या कपड्यांत टॅक्सी करून शाळेत धावत आली. गेटपाशी तिला चक्कर आली. त्या दिवसापासून इस्मतने संपदाच्या सतरा नंबरपुढे आधीच पेन्सिलीने हजेरीचा पी काढून ठेवायला सुरुवात केली. पोरगी बसमध्ये पेंगून उशिराच यायची. नाव पुकारलं की मुलं एका सुरात ओरडायची, "शी इज कमिंग, टीचर!" आणि पाच मिनिटांत ती डोळे चोळत दारात दिसायची. मग इस्मत पेन्सिलीवर पेन फिरवायची.

त्या दिवशीही मुलं ओरडली, शी इज कमिंग. त्या दिवशी इस्मत दाराकडे बघायला विसरली. ऑफिसात गेलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, निल, कोणी गैरहजर नाही.

बस उघडल्याची बातमी आली तेव्हा तिने खोडरबर घेतला, पी पुसला आणि तिथे पेनाने ए लिहिला. असं का केलं, हे तिला आजही सांगता आलं नसतं. हात तिचाच होता. नसरुद्दीनने ऑफिसातून ती चिठ्ठी उचलून खिशात घातली. मग आपल्यावर येऊ नये म्हणून ऑफिसने छातीठोकपणे सांगितलं, मेसेज गेला होता, आईने बघितला नाही.

आणि सुनीताने ते खरं मानलं.

ती नाशिकला लेकीची राख गोदावरीत सोडून आली, तिकडेच तिने दुसऱ्या मुलीला जन्म दिला, अवघ्या आठव्या महिन्यात. मुलीला आईपाशी ठेवून ती घर आवरायला परत आली, आणि इथे आल्यावर तिने आपला फोन तीन दुकानांत नेला. पुसला गेलेला मेसेज परत काढता येतो का, असं विचारत. तिसऱ्या दुकानाच्या शेजारी इस्मत खजूर घ्यायला उभी होती. तिने ते ऐकलं, आणि खजूर न घेताच घरी आली.

"अम्मी, सही." झैद दिवाणखान्यातून म्हणाला. "आय नो तुला वाईट वाटतं. पण सत्य काय, खोटं काय, हा तुझ्या वर्गातला प्रश्न नाही. तू काही वेगळं बोललीस तर तुला आत घेतील. ज्याच्या व्हिसावर आहेत तो कफील अब्बांना एका शब्दात काढेल. माझाही इकामा..."

"झैद, हळू," नसरुद्दीन म्हणाला.

"दादीला माहीत आहे की नाही?"

"काय माहीत?" ताजुन्निसाने विचारलं, पण असं, की उत्तर तिला नको असावं.

इस्मत कॅटलॉग घेऊन बाहेर आली. महिनाअखेरच्या बेरजेसाठी ती तो दर वेळी घरी आणायची. मे महिन्याचं पान आत उघडंच पडलं होतं, ते तिने तसंच झैदपुढे ठेवलं. "बघ."

पानावर दुपारभर धूळ बसली होती. तिने पदराने ती झटकली. सगळीकडची धूळ निघाली. सतरा नंबरच्या ओळीत ए च्या पोटात एक बारीक रेघ तशीच राहिली. पेन्सिल पुसली गेली होती, तिची खाच पुसली गेली नव्हती. त्या खाचेत धूळ जाऊन बसली होती आणि आतला पी भुरक्या रंगात स्पष्ट उठला होता. झैदने बोटाने घासून बघितलं. आणखी उठला.

"रोज असंच होतं," इस्मत म्हणाली. "वर्गात मी सोळानंतर एकदम अठरा म्हणते. नाव काढून टाकलंय ना. तरी मागून कोणीतरी म्हणतं, शी इज कमिंग, टीचर. मी बघते तर सगळ्यांची तोंडं मिटलेली. झैद, मला तो आवाज ओळखता येत नाही. माझ्या वर्गातल्या सगळ्या मुलांचे आवाज मी ओळखते."

झैदने कॅटलॉग मिटला. तो इंजिनिअर होता, आणि त्याच्या हाताला घाम आला होता.

तेवढ्यात बेल वाजली.

इमारतीच्या खालच्या दाराची बेल. घड्याळात चार वाजले होते. भिंतीवरच्या बेलच्या फोनचा छोटा पडदा उजळला. त्यात गल्ली दिसली, पिवळी, ओस. कोणी नाही.

या बेलचं गुपित फक्त शुक्रवारच्या मुलांना माहीत होतं. खालचा कॅमेरा मोठ्या माणसाच्या उंचीवर होता, मूल त्यात दिसतच नसे. म्हणून इस्मत फोन उचलून "कोण?" विचारायची आणि खालून नाव यायचं. संपदा नाव सांगायची नाही. "मी," म्हणायची, आणि हसायची. चाळीस दिवस झाले, इस्मतने मुलांची शिकवणी बंद ठेवली होती. बेल बंद झाली नव्हती. रोज, बरोबर चारला.

"बटणात धूळ गेलीय," नसरुद्दीन म्हणाला. पहिल्या दिवशीही तो हेच म्हणाला होता, आणि तेव्हा आभाळ निरभ्र होतं.

"मग उचल की फोन," ताजुन्निसा म्हणाली.

तो जागचा हलला नाही. बेल पुन्हा वाजली. धीर सुटलेल्या मुलाने वाजवावी तशी, दोनदा, लागोपाठ.

म्हातारी उठली, आपल्या खोलीत गेली आणि कुराणशरीफ गुंडाळायचं हिरवं कापडी जुजदान घेऊन आली. त्याच्या अस्तरातून तिने एक चुरगळलेला कागद काढला, धुण्यात भिजून वाळलेला. त्यावर वर्ग होता, तारीख होती, आणि इंग्रजीत एक शब्द.

"हा तुझ्या सदऱ्यात गावला, नसरू. धुवायला टाकला व्हतास. मना इंग्रजी येत नाय, पण मी मास्तरची बायको हाय. तारीख वाचता येते, न् सूनबायचं अक्षर बी."

नसरुद्दीनचं तोंड उतरलं. "अम्मा, तू महिनाभर..."

"महिनाभर वाट बघितली. एकीकडं उसामा, एकीकडं ही. कुणाला खाईत ढकलू? म्हटलं, ती आपल्या तोंडानं बोलंल." ती इस्मतकडे वळली. "आता मी तुमाला एक सांगतो, ते मास्तरनं मना कुणाला सांगू नको म्हटलं व्हतं. आज तो नाय, त्याची आन मी मोडतो."

"मास्तर पोरांच्या घरी जायचा, ते समद्या गावाला ठाऊक. कधीपासनं जायला लागला, ते मनाच ठाऊक. लग्नाला दोन वर्सं झाली व्हती. खाडीपलीकडची पोरं होडीनं यायची. होडी लेट व्हायची, न् इन्स्पेक्टर यायचा, म्हणून मास्तर त्यांची हजेरी आदीच मांडून ठेवायचा. एक दिस होडी आली, जोहरा नाय आली. धक्क्यावरच्या चिखलात घसरली व्हती. घरच्यांना वाटलं शाळंत हाय, शाळंत तिची हजेरी लागलेली. सांजच्याला भरती उतरली तवा गावली." तिने दम घेतला. "मास्तरनं ते पान फाडलं. कुणाला बोलला नाय. त्या दिसापासनं कंदील घेऊन निघायचा."

"प्रत्येक मुलाच्या घरी," इस्मत पुटपुटली.

"परत्येक नाय. एका घरी कदी गेला नाय. जोहराच्या. छत्तीस वर्सं, समदं गाव फिरला, पण त्या दारावरनं जायचं नाय म्हणून लांबच्या वाटेनं जायचा. न् पावसाळ्यात, सांजच्याला, आमच्या पडवीत वल्ली पावलं उमटायची. लहान. मी पुसायची. मास्तर बघायचा न् कंदील उचलायचा."

इस्मतला तिच्या आयुष्याचं ते वाक्य पहिल्यांदा नीट ऐकू आलं. हरवता कामा नये. ती त्याला शिकवण समजत होती. तो म्हाताऱ्याचा कबुलीजबाब होता, आणि त्याने तो चुकीच्या दारात दिला होता.

बेल तिसऱ्यांदा वाजली.

इस्मतने फोन उचलला. "कोण?" तिने विचारलं. खालून वाऱ्याचा आवाज आला, वाळू काचेवर घासल्यासारखा. आणि त्याखाली, किंवा तिला तसं वाटलं, एक श्वास.

"थांब," ती म्हणाली. "मीच येते."

तिने अबाया चढवला. कपाटातून संपदाची वही काढली, जी सुनीताने झैदच्या हाती पाठवून द्यायला सांगितली होती.

"इस्मत," नसरुद्दीन दारात आडवा उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. "मी तुझ्यासाठीच ती चिठ्ठी उचलली होती. तुला नेलं तर मी काय करू?"

"माहीत आहे मला. मीही सुनीताला धसका बसू नये म्हणूनच पी काढत होते. तुम्ही माझ्यासाठी केलंत, मी तिच्यासाठी केलं, आणि भोगतेय ती. बाजूला व्हा."

तो बाजूला झाला नाही. ताजुन्निसाने त्याला हाताने सारलं, लहानपणी सारायची तसं, आणि आपल्या चपला शोधायला लागली.

"अम्मा, या धुळीत तुम्ही कुठे..."

"मास्तर एकटा जायचा," म्हातारी म्हणाली. "तू एकटी नको जाव."

गल्ली ओलांडायला दोन मिनिटं लागायची, त्या दिवशी दहा लागली. धूळ आणखी दाटली होती, हाताचा पंजा समोर धरला तर दिसत नव्हता. दोघींनी एकमेकींची ओढणी घट्ट धरली होती. मधोमध इस्मतला वाटलं, आपल्या मोकळ्या हाताची करंगळी कोणीतरी धरली आहे. तिने खाली बघितलं नाही. घाबरली, पण हातही सोडवला नाही.

चौथ्या मजल्यावरचं दार उघडंच होतं. आत खोकी, चिकटपट्ट्या आणि भिंतीवरून काढलेल्या चित्रांचे चौकोन. सुनीता एका बॅगेवर बसली होती, फोन मांडीवर. तिच्या ब्लाउजवर दुधाचा डाग होता. बाळ नाशिकला आणि दूध इथे.

"टीचर? तुम्ही कशाला आलात एवढ्या धुळीत? झैदला पाठवायचं ना." ती उठली. तिने खुर्ची शोधली, खुर्च्या विकून झाल्या होत्या. "आणि आजीपण! अहो, बघा कोण आलंय."

कमलाकर आतल्या खोलीतून आला. मान हलवली, बोलला नाही. तो बायकोशीही महिनाभर कामापुरतंच बोलत होता, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं.

इस्मतने वही दिली. सुनीताने ती उघडली नाही, छातीशी धरली.

"सुनीता, मला बसायला सांगू नकोस. उभ्यानेच सांगते." तिचा आवाज वर्गात लागायचा तसाच लागला, स्वच्छ. "त्या दिवशी तुला मेसेज आला नव्हता. कारण ऑफिसने पाठवलाच नाही. मी संपदाची हजेरी लावली होती. ती वर्गात आली नव्हती तरी लावली. नंतर खोडली, आणि गप्प बसले."

सुनीता तिच्याकडे बघत राहिली. तिला शब्द कळले होते, त्यांचा अर्थ अजून पोहोचत होता. मग ती वळली.

"अहो," ती म्हणाली. "ऐकलंत? मेसेज आलाच नव्हता." कमलाकरने भिंतीचा आधार घेतला. "मी झोपले नव्हते हो. फोन सायलेंटवर नव्हता. मी सांगत होते ना तुम्हाला, मला आठवतं, मी जागी होते! मेसेज आला नव्हता!" शेवटचं वाक्य ती इतक्या जोरात ओरडली की रिकाम्या खोलीने ते परत केलं. कमलाकर खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांत तोंड लपवलं.

मग सुनीता इस्मतकडे आली. अगदी जवळ. इस्मतने डोळे मिटले, कारण थप्पड बसली असती तर ती तिला हवीच होती.

"का लावलीत हजेरी?"

"एप्रिलमध्ये तू टॅक्सीने धावत आली होतीस. तुला चक्कर आली होती. वाटलं, पुन्हा घाबरवायला नको."

सुनीताचे ओठ हलले. आवाज आला तेव्हा त्यात राग नव्हता, आणि म्हणून तो ऐकवेना.

"मला घाबरू द्यायचं होतं, टीचर. घाबरले असते तर धावत आले असते."

ताजुन्निसाने डोक्यावरची ओढणी पुढे ओढली आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"उसामाच्या केसमध्ये हे सांगणार आहात?" कमलाकरने जमिनीवरूनच विचारलं.

"आत्ताच जातेय चौकीवर."

"मी तुम्हाला माफ नाही करणार," सुनीता म्हणाली.

"नको करूस," इस्मत म्हणाली.

दोघी खाली आल्या तेव्हा धूळ तशीच होती. आपल्या इमारतीपाशी दार बंद होतं आणि घाईत किल्ली वरच राहिली होती. इस्मतने चाचपडत बटण शोधलं आणि दाबलं. वर बेल वाजल्याचं तिला इथवर ऐकू आलं. बराच वेळ कोणी उचलेना. कॅमेऱ्यात धुळीशिवाय काही दिसत नसणार. मग फोन उचलल्याचा आवाज झाला, आणि नसरुद्दीनचा, पार कापरा:

"कोण?"

"मी," ती म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून जाताच तिच्या अंगावर काटा आला. मग तिने पूर्ण नाव सांगितलं. "मी, इस्मत. झैदला गाडी काढायला सांगा. आणि तो कॅटलॉग घेऊन तुम्हीही खाली या."

वारा ताजुन्निसाची ओढणी ओढत होता. इस्मत दारावर हात ठेवून उभी राहिली. कटकन कुलूप सुटलं, आणि जिन्यातून पावलं उतरताना ऐकू आली. तिने सवयीने मोजली. दोघांची होती.